आप्पांना आत न्यायचंय

७ फेब्रुवारी

आले परत. थोडे दिवस राहीन, असं दारातच सांगून टाकलं. आप्पा म्हणाले, बरं. मामा म्हणाला, "ही राहायला येत नाही, ही पुढच्या गाडीची वाट बघायला येते." पाणीसुद्धा प्यायले नव्हते अजून!

घर तसंच. आरसा दारामागे उभा, त्यावर आईची जुनी चादर. आई गेली तरी चादर बदललेली नाही.

९ फेब्रुवारी

प्रवासात कुणी विचारलं वडील काय करतात, की मी म्हणते, पर्यटन. मोठं वाटतं ऐकायला. खरं म्हणजे ते आरसा धरतात.

डोंगरातल्या बुद्धाच्या लेण्यात वीज न्यायला बंदी आहे. भिंतीवरचे रंग उडतात म्हणे. म्हणून आप्पा बाहेर उन्हात आरसा घेऊन उभे राहतात. उजेड दारातून आत जातो, आतल्या पांढऱ्या कापडाच्या फळीवर पडतो, आणि तिथून मऊ होऊन मूर्तीच्या चेहऱ्यावर. आत मामा सहलीच्या पाहुण्यांना माहिती सांगतो. ऊन पुढे गेलं की उजेड चेहऱ्यावरून घसरतो. मग मामा आतून हाक देतो — सरकला! आप्पा मनगट जरासं वळवतात. माझ्या जन्माआधीपासून हेच चाललंय. मामा आत, आप्पा बाहेर.

आज डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं त्यांना. त्या चांगल्या होत्या, लपवलं नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलंय तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही. आप्पांनी एवढंच विचारलं, आरसा धरू का? त्या म्हणाल्या, आता नाही.

येताना बसस्टॉपवर टेकलो. मग म्हणाले, "चेहरा तेवढा बघायचा राहिला."

मला कळेचना कुणाचा. लेण्यातल्या बुद्धाचा! ते बाहेर उभे असले की उजेड आत, आणि ते आत गेले की आत अंधार. बॅटरी मारून बघितलं होतं म्हणे एकदा. नाक दिसलं तर कान नाही, कान दिसला तर नाक नाही.

इतकी वर्षं. लोक लांबून येऊन बघून गेले. आणि हे दाराबाहेर!

१० फेब्रुवारी

ठरलं. आप्पा आत, मी बाहेर. आरसा मी धरणार.

मामाला सांगितलं तर आधी हसला, मग डोळे पुसले, मग परत धंद्यावर आला. मोकळी गाडी न्यायला परवडत नाही. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला बँकेतल्या निवृत्त मंडळींची एक दिवसाची सहल आहे, तिच्यात बसवू म्हणाला. पण त्यांना आधी नदीकाठचं शंकराचं देऊळ हवंय आणि दुपारी लेणं. दुपारी लेण्याच्या दारात ऊनच नसतं! मी म्हटलं, उलटं कर. मामा म्हणाला, "तू बोल त्यांच्या सेक्रेटरीशी. आणि रस्ता, सावली, पाणी, बायकांची सोय, सगळं तूच बघून ये. बघू किती दिवस टिकतेस."

टिकणार.

११ फेब्रुवारी

सेक्रेटरीशी बोलले. आवाज असा, जणू मी कर्ज मागायला आलेय. शेवटी म्हटलं, दुपारी लेण्यात काळोख असतो, देव दिसणार नाही. लगेच पटलं त्यांना.

१४ फेब्रुवारी

देवळाचा रस्ता बघायला गेले होते. वाटेत नदीवर एक नावाडी नाव उलटी टाकून डांबर लावत होता. जरा बघत उभी राहिले. मग म्हटलं, मी लावू? दिवस मावळला. देवळापर्यंत पोचलेच नाही! हात अजून काळे आहेत.

मामाने हात टेकले. आप्पा म्हणाले, नाव कशी होती ते सांग. सगळं सांगितलं. ते ऐकत बसले, मान वर करून, जसं कुणी वास घेतं.

१७ फेब्रुवारी

आज गेलेच. आप्पांनाही नेलं, नाहीतर मी परत नावेत.

देऊळ केवढं आहे! लहानपणी पाहिलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष फक्त माकडांवर. चपला बाहेर काढायच्या, आणि दुपारची फरशी म्हणजे तवा. म्हाताऱ्या माणसांना पूर्वेच्या भिंतीने न्यायचं, तिथे सावली असते. पाणी मागच्या बाजूला. बसायला ओटा आहे पण उंच, एक स्टूल गाडीत टाकायला हवं. हे सगळं माझं मी शोधलं.

भिंतीला खालून हत्तींची रांग कोरलीय. आप्पा त्या रांगेवरून हात फिरवत चालले, एकेका हत्तीला थोपटत. एकापाशी थांबले. "याची सोंड तुटलीय. इथून वळायचं." मला हसू आलं. आप्पा हत्तींचे लाड करतात!

१९ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी परत बोलावलं होतं. आप्पा नको म्हणाले. औषध आहेच की, कशाला फेरी. मलाही कंटाळा आला होता, मी फार आग्रह केला नाही.

२१ फेब्रुवारी

सराव. आप्पांनी समोरच्या शिंप्याच्या भिंतीवर मला खडूने गोल काढायला लावला. मी गच्चीवर आरसा घेऊन. उजेड गोलात ठेवायचा, बस. वाटलं, यात काय!

आरसा अंगठ्याएवढा हलला की भिंतीवर उजेड हातभर उडतो. मांजर गेलं, मी मांजराकडे बघितलं, उजेड शिंप्याच्या खिडकीत. शिंपी बाहेर आला — अहो, तुमची मुलगी माझ्या गिऱ्हाइकाचा सदरा अंगावरच इस्त्री करतेय! आप्पा किती दिवसांनी असे हसले.

मग म्हणाले, "हाताकडे बघू नकोस. उजेडाकडे बघ. बघत राहायचं, एवढंच काम आहे." एवढंच! आयुष्यात मी काय एवढा वेळ बघितलंय?

एक गंमत. उजेड गोलाबाहेर जायच्या जरा आधीच ते 'सरकला' म्हणतात. डोळे मिटून! इतकी वर्षं उन्हात काढली की ऊन अंगात भिनत असेल.

२३ फेब्रुवारी

आप्पा चहा ओतताना बोट कपात घालतात. भाजत नाही का, म्हटलं. म्हणाले, सवय.

२५ फेब्रुवारी

मैत्रिणीचा फोन. ती बंदराच्या गावी आहे, तिथल्या खानावळीत माणूस हवंय, वरच्या खोलीतून समुद्र दिसतो म्हणे. चार तारखेपर्यंत ये, नाहीतर दुसरीला घेतील.

सहल दोन तारखेला आहे. जमतंय! आप्पांना सांगितलं. म्हणाले, "जा की. समुद्र बघून घे." मग त्यांनी दोनदा विचारलं, कपडे पुरेसे आहेत ना. मामाने मात्र माझ्याकडे बघितलंच नाही, गाडीच्या काचा पुसत राहिला. आधीच स्वच्छ होत्या.

जाऊन येईनच की मी. तरी रात्री जेवण गेलं नाही.

२७ फेब्रुवारी

लेण्यात रंगीत तालीम. आधी मी आत, आप्पा बाहेर — म्हणाले, शेवटचं धरू दे, आणि तुला कुठे टाकायचाय ते आत उभं राहून कळू दे. आरसा मामाने त्यांच्या हातात दिला, पाय कुठे ठेवायचे तेही दाखवलं. इतक्या वर्षांच्या माणसाला! मला मामाचा राग आला.

आणि मग अंधारातून तो चेहरा वर आला. पाण्यातून यावा तसा. मी बुद्धाचं फारसं वाचलेलं नाही, शाळेत धडा होता तेवढंच. पण बघतच राहिले. मामा तालमीतही सगळं बोलून दाखवतो, पाहुणे असोत नसोत — "पापण्या बघा, अर्ध्या मिटलेल्या. खालचा ओठ जरा पुढे. वाटतं, आता बोलणार. मग वाटतं, नको, असाच राहू दे." लहानपणापासून ऐकतेय. एक शब्द इकडचा तिकडे नाही!

नंतर मी बाहेर. भयंकर. मामाने 'सरकला' ओरडून ओरडून घसा बसवला. एकदा उजेड छतावर, एकदा खांबावर, एकदा मामाच्याच तोंडावर. आप्पा म्हणाले, "होईल." मी घरी येताना रडले. नोकरी सोडणं सोपं, गाव सोडणं सोपं. एका जागी उभं राहणं जमत नाही मला.

२८ फेब्रुवारी

पुन्हा गच्ची. पुन्हा शिंप्याची भिंत. शिंपी आता खुर्ची टाकून बघत बसतो आणि गुण देतो. आज पास केलं.

१ मार्च

आभाळ आलंय. बातम्यांत म्हणतात, उद्या मोकळं. आप्पा अंगणात जाऊन तोंड वर करून उभे राहिले. म्हणाले, पडेल ऊन. त्यांनी स्वतः इस्त्री केलेला सदरा उलटा घातला होता. सुलटा करून दिला. गडबड झाली असेल, उद्याची.

२ मार्च

पडलं ऊन!

सगळं नीट लिहायचंय, पण अक्षर वाकडं येतंय. आरशाने मनगटं आखडलीत.

बँकवाले वेळेवर आले. एक जुने कॅशियर सगळ्यांना डोकी मोजून गाडीत बसवत होते आणि स्वतःला मोजायला विसरत होते. आधी लेणं. मंडळींना मामाने आत नेलं, दाखवलं, बाहेर आणलं. त्यांच्या वेळी दोनदा हाक आली, सरकला. मी सावरलं. मग मामाने त्यांना सांगितलं, जरा पाणी प्या, सावलीत बसा, आता आमच्या घरचं माणूस आत जाणार आहे. कुणी काही विचारलं नाही. त्यांनी आप्पांना वाट करून दिली.

आप्पा मामाच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. दारातून दिसेनासे झाले.

मी उजेडाकडे बघत राहिले. दारातून आतल्या फळीची फक्त कड दिसते, तिच्यावर उजेडाचा एक काठ दिसतो, तेवढ्यावरच सगळं. कॅशियर शेजारी येऊन विचारायला लागले, किती जड असतो हो आरसा? मी उत्तर दिलं नाही. माझ्या मागून पोपटांचा थवा कलकलाट करत गेला, सगळे 'ते बघा, ते बघा' म्हणाले. मी मान वळवली नाही. मी!

हाक आली नाही. एकदाही नाही. घाम डोळ्यांत गेला, पुसला नाही. ऊन सरकत होतं आणि मी त्याच्याबरोबर. आप्पा म्हणतात ते हेच, हे पहिल्यांदा कळलं.

बाहेर आले तेव्हा त्यांचे गाल ओले होते. मामाचेही. आप्पांनी चाचपून माझं मनगट धरलं, म्हणाले, "केसभरही हलला नाही."

गाडीत मी त्यांना सारखं विचारत होते, कसा होता, सांगा ना. "पापण्या अर्ध्या मिटलेल्या," म्हणाले. "खालचा ओठ जरा पुढे. वाटतं, आता बोलणार. मग वाटतं, नको, असाच राहू दे." मामाचीच वाक्यं! इतकी वर्षं कानावर तीच पडली, दुसरी कुठून आणणार. मामा पुढे बसला होता, मागे वळून बघितलं नाही त्याने.

देवळात सगळं छान झालं. कुणाचे पाय भाजले नाहीत. स्टुलाचं फार कौतुक झालं. आप्पा हत्तींच्या रांगेपाशी बसून राहिले, मी त्यांच्याजवळ. जन्मात एक काम शेवटापर्यंत केलं.

३ मार्च

पिशवी भरली. आरसा पुसून चादरीखाली ठेवला. आप्पांनी विचारलं, उद्याची गाडी कितीची? मग म्हणाले, खिडकीत बस.

४ मार्च

मामा मला सोडायला आला. मी पायरीवर बूट बांधत होते. तो शेजारी बसला, माझी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "उजेड चेहऱ्यावरच होता, पोरी. तुझी काही चूक नाही. भावजी खांबाकडे तोंड करून उभे होते."

बुटाची गाठ अर्धीच राहिली.

"दंड धरून वळवायला गेलो, तर म्हणाले, राहू दे. कुठेही वळव, सारखंच आहे. तिला कळू देऊ नकोस, तिची गाडी आहे."

गाडीला अजून वेळ होता. बूट सोडले. आत गेले. आप्पा खाटेवर बसले होते, खिडकीकडे तोंड करून. पावलं ओळखली त्यांनी.

"अजून इथेच?"

गाडी चुकली, म्हटलं.