नाव माझी, बंदूक दादाची

४ ऑगस्ट

आजही मारलेला सील समुद्रात बुडाला. गोळी अगदी डोक्यात! दादाचा नेम म्हणजे नेम. पण गोळी लागली की नाव तीरासारखी सोडून भाला मारायचा असतो, नाहीतर इथल्या उन्हाळ्यातला, चरबी उतरलेला रोडका सील दगडासारखा तळाला जातो. दादानं ‘चल’ म्हणायचं होतं. तो बोलला नाही. मग मी कशाला हलू? दोघं बुडबुडे बघत बसलो.

रोझा म्हणाली, “नाव तुझी, बंदूक त्याची, अक्कल मात्र कुणाचीच नाही!” बायको आहे, बोलणारच.

वडिलांनी मरताना नाव मला, बंदूक दादाला अशी वाटणी केली, की दोघांनी एकत्र राहावं. त्यांच्याच अंत्यविधीला मी म्हणालो, “टोबियासदादा प्रार्थना बेसूर गातो.” तेव्हापासून अकरा वर्षं अबोला.

९ ऑगस्ट

दादानं युक्ती काढली. तो सीलशी बोलतो! “सीलराव, त्या नाववाल्याला सांगा, डावीकडे घे.”

मी इंजिनाला म्हटलं, “बाई, बंदूकवाल्याला विचारा, कुणाची डावी? तो माझ्याकडे तोंड करून बसलाय!”

सीलनं मान वर काढून सगळं ऐकलं. मग गेला.

१० ऑगस्ट

वारा. कॉफी. पुन्हा कॉफी.

१७ ऑगस्ट

पाण्यात पडलो! भाला मारायला उभा राहिलो आणि गेलोच. श्वासच गोठला. दादानं कॉलर धरून वर ओढलं, स्वतःचा स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला — आणि वल्ह्यावर खेकसला, “गाढवा! उभं राहू नको म्हणून कितीदा सांगायचं? पोहता येत नाही ना तुला?” आवाज कापत होता. थंडीनं असेल.

वल्हं काय बोलणार? मीही गप्प. आधी बोलेल तो हरला.

पण सील मिळाला. दादानं त्याचं काळीज माझ्या घरी पाठवलं. वर चिठ्ठी — ‘वल्ह्यासाठी’. मी सगळं खाल्लं.

२६ ऑगस्ट

दादा तीनदा चुकला. तीनदा! चौथी गोळी एका काळ्या डोक्याला बरोबर लागली. मी नाव पिटाळली, भाला मारला — तर तेलाचा रिकामा डबा! मी पोट धरून हसलो. वाटलं, आता इंजिनाला तरी शिव्या देईल. नाही. डबा मांडीवर घेऊन घरापर्यंत बसून राहिला.

धक्क्यावर पोरी विचारत होत्या, “टोबियासकाका, डब्याचं सार करणार का?”

हसायला नको होतं.

२९ ऑगस्ट

दादा आला नाही. धक्क्यावर दोन तास थांबलो. एकट्यानं नाव घेऊन काय करू? सील जवळ आले, माझ्याकडे बघून गेले.

३१ ऑगस्ट

सकाळी दार वाजलं. दादा! बंदूक टेबलावर ठेवली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाला, “एनोक, उजव्या डोळ्यानं काही दिसत नाही रे. डावाही चाललाय. डॉक्टर म्हणाली, आता उशीर झाला. ही तुझ्याकडे ठेव.”

आणि वळला. उंबऱ्याला अडखळला.

आता नाव माझी, बंदूकही माझी. मला दादाची गरज उरली नाही.

मी मागून ओरडलो — “दादा! उद्या किती वाजता निघायचं?”