नव्या सॉव्हरिनचे तोंड

मल्लेश्वरम, बंगळूर
रविवार, ता. २१ फेब्रुवारी १९६०, संध्याकाळ

तीर्थस्वरूप हयवदनअण्णा यांच्या चरणी धाकट्या गुंडोचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या ऑगस्टमधल्या कार्डाला अजून उत्तर नाही, याची क्षमा मागतो. कचेरीत भाषांतराचे काम फार होते असे लिहिणार होतो. पण खात्रीसाठी रोजनिशी चाळली, तर तेव्हापासून आजवर एकशे बारा संध्याकाळी मी आठव्या क्रॉस रोडच्या कट्ट्यावर मोटारींविषयी बोलत बसलो होतो असे निघाले. तेव्हा ते कारण मागे घेतो. खरे कारण भीती हे आहे. (तिच्यात थोडा भाग तुमचाही आहे, पण तो शेवटी लिहीन, नाहीतर तुम्ही बाकीचे वाचणार नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या एरंडाच्या लेपाने उतार पडला का? इकडे कमला व कावेरी खुशाल. माझीही प्रकृती तशी ठीक, फक्त मंगळवारपासून जेवण जात नाही, आणि रस्त्यात मागे भोंगा वाजला की मी दिसेल त्या दुकानात शिरतो. काल असा बांगड्यांच्या दुकानात शिरलो. रिकाम्या हाताने बाहेर येणे बरे दिसेना, म्हणून कमलेसाठी बारा बांगड्या घेतल्या. त्या तिच्या हातात चढत नाहीत.

आधी आनंदाची गोष्ट सांगतो, म्हणजे भीती कशाची ते समजेल. कावेरीला स्थळ चालून आले आहे. जयनगरच्या नव्या वसाहतीत राहणारे मल्हारराव, रेशमाच्या गिरणीचे मालक, आपल्यातलेच. त्यांचा मुलगा रघुपती कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने कावेरीला कुठल्याशा गाण्याच्या बैठकीत पाहिले आणि घरी सांगितले. १७ जानेवारीला मल्हारराव स्वतः आमच्याकडे आले, तोंडाला मफलर गुंडाळून (आम्हाला वाटले सर्दी), आणि मुलीशिवाय आम्हाला काही नको असे म्हणाले. पत्रिका जुळल्या. निश्चयाची तिथी तेवढी ठरायची आहे. कावेरी हल्ली तांदूळ निवडताना गाते, आणि भातात खडे लागतात. खड्यांविषयी घरात कुणी तक्रार करत नाही. त्या दिवशी मल्हारराव टॅक्सीने आले होते. जाताना म्हणाले, स्वल्प दिवस थांबा, नवी गाडी मद्रासच्या बंदरात येऊन पडली आहे. कुठली गाडी, हे मी विचारले नाही. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या श्रीमंतीची चौकशी केल्यासारखे दिसेल असे मला वाटले. इतका विवेक मी इतर वेळी दाखवला असता तर आज हे पत्र लिहावे लागले नसते.

आता कट्टा. आम्ही तिघे तिथे बसतो. कृष्णमूर्ती एका मोठ्या गॅरेजात तीस वर्षे मेस्त्री होते, आता निवृत्त आहेत. आप्पाजी मोटारींच्या गाद्या शिवतो. चामड्यावर हात ठेवून तो बैल कुठल्या मुलखातला ते सांगतो (खरे की खोटे, पडताळता येत नाही). आणि मी. तिघांत मिळून दोन सायकली आहेत. पण विलायतेच्या हॅलफर्ड कंपनीची ‘सॉव्हरिन’ ही थोरली मोटार म्हणजे आमचे कुलदैवत. कृष्णमूर्तींनी तिच्याखाली पडून चौदा वर्षे काढली, आप्पाजीने दोन सॉव्हरिनच्या गाद्या शिवल्या, आणि मी कॉलेजात असताना एकदा तिच्यात अकरा मिनिटे बसलो. तिचा तो उभा रेडिएटर, देवळाच्या दारासारखा, आणि दोन बाजूंना समईसारखे दोन दिवे. रस्त्यात समोरून आली की माणूस आपोआप बाजूला होऊन हात जोडी.

गेल्या जुलैत वाचनालयात विलायती मासिक आले, त्यात नव्या सॉव्हरिनचे चित्र. रेडिएटर गेला. त्याच्या जागी या कानापासून त्या कानापर्यंत पसरट चकचकीत जाळी, दोनाचे चार दिवे, आणि मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पर. कृष्णमूर्तींनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा न घालता खिशात ठेवला. आप्पाजी म्हणाला, आपल्याला आता दुसरी काही आवड शोधावी लागेल. नंतर दोन दिवस कृष्णमूर्ती भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यांच्या बायकोने येऊन कमलेला विचारले, अक्का, तुमच्याकडचे कोण गेले? मी तुम्हालाही ते कात्रण पाठवले होते, आठवत असेल.

मग ठरले की कंपनीला पत्र लिहायचे. इंग्रजी माझे बरे, म्हणून काम माझ्याकडे आले. चार पाने झाली. कुठेही खोटे लिहिले नाही. आमच्यापैकी कुणाकडे मोटार नाही हे लिहिले, माझी अकरा मिनिटेही लिहिली. तिसऱ्या पानावर एक वाक्य असे होते: ‘नव्या गाडीचे तोंड पाहून, नवी कवळी बसवलेला सावकार रस्त्यात भेटेल त्याला दात दाखवत चालला आहे असे वाटते.’ टाइप करताना कावेरी म्हणाली, अप्पा, हे वाक्य काढा, बाकीचे सगळे पुरेसे कडू आहे. मी म्हटले, बेटा, खरे आहे ते राहू दे. (असे मी मोठ्या समाधानाने म्हटले. रोजनिशीत त्या समाधानाची नोंद आहे. वाचून आज अंगावर काटा आला.) ९ सप्टेंबरला तिघांनी सह्या केल्या आणि पत्र विमानाने गेले.

या मंगळवारी कंपनीचे उत्तर आले. इतके सभ्य पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलेले नाही. आमचे पत्र संचालकांच्या बैठकीत वाचले गेले म्हणे. परंतु पत्रलेखकांनी गाडी प्रत्यक्ष पाहिलेली दिसत नाही. सबब तुमच्या शहरातील आमचे एकमेव ग्राहक श्री. मल्हारराव, जयनगर, यांना आम्ही विनंती केली आहे की त्यांनी तुम्हाला गाडीतून फिरवून आणावे. त्यांच्या माहितीसाठी तुमच्या पत्राची नक्कल त्यांना वेगळी पाठवली आहे.

मी ते तीनदा वाचले. कमलेने माझ्याकडून आमच्या मूळ पत्राची प्रत मागून घेतली, कावेरीकडून अर्थ समजून घेतला, घडी घातली आणि देवापुढे ठेवून तुपाचा दिवा लावला. त्याच संध्याकाळी मल्हाररावांचा गडी चिठ्ठी घेऊन आला: रविवारी सकाळी नऊला गाडी आणतो, तिघांनी तयार राहावे. खाली सही. ना नमस्कार, ना राग. त्या चिठ्ठीत राग शोधण्यात माझे चार दिवस गेले.

आणि गुरुवारी गिरणीतल्या एका कारकुनाकडून कळले की मफलर सर्दीचा नव्हता. मल्हाररावांचे सगळे दात काढले होते, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी कवळी बसवली आहे.

आज नऊला एक मिनिट कमी असताना गाडी दाराशी आली. मल्हारराव स्वतः चालवत होते, तोंडाला मफलर. मला शेजारी बसवले, त्या दोघांना मागे. निघताना आम्ही तिघांनी शपथ घेतली होती की बसायचे, पण गादीच्या कडेवर. आप्पाजीने शपथ यशवंतपूरपर्यंत पाळली. पुढे त्याने हाताच्या टेकूची शिवण चाचपली, तीत एक टाका किंचित लांब निघाला (म्हणजे शिवण हाताची), तेवढ्याने त्याचे मन गाडीवर बसले, आणि हेब्बाळ यायच्या आत तो घोरू लागला. गादी शिवणाऱ्याचा याहून मोठा अभिप्राय असेल असे मला वाटत नाही. कृष्णमूर्तींनी तर हेब्बाळच्या तळ्याच्या बांधावर गाडी थांबताच नेसते पांढरे धोतर सावरले आणि सरळ गाडीखाली गेले. वीस मिनिटांनी आले ते कपाळावर काळ्या तेलाचा अंगारा लावून. मल्हाररावांपुढे उभे राहून म्हणाले, आतून तीच आहे, राव, आतून तीच. आणि डोळे पुसले, त्यामुळे तेल गालावर आले. माझ्यापुरते खरे सांगायचे तर तिच्यात बसून मला, पत्रातल्या चारही पानांची लाज वाटावी, इतके सुख होत होते. पण भीती एवढी होती की ते सुख दुसऱ्या कुणाला होत आहे असे वाटे.

संपूर्ण वाटेत मल्हाररावांनी पत्राचा विषय काढला नाही. मग जागा झालेला आप्पाजी व कृष्णमूर्ती गाडीभोवती फिरत असताना मल्हारराव माझ्याजवळ बांधावर येऊन बसले आणि त्यांनी मफलर सोडला. तोंडात दात नव्हते. कवळी घरीच होती.

“ते वाक्य,” ते म्हणाले, “माझ्यावरून घातलंत का?”

मी घाईघाईने तारखा सांगितल्या: पत्र नऊ सप्टेंबरचे, आपली पहिली भेट सतरा जानेवारीची.

“तारखा मला कळतात हो. कवळी बसवली तेव्हा घरात, गिरणीत सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, छान दिसते. त्या सगळ्यांना मी पोसतो, ते काय सांगणार? मग दहा दिवसांपूर्वी तुमच्या पत्राची नक्कल आली. त्या दिवशी काढून ठेवली ती ठेवलीच. खरं लिहिणारा माणूस तुम्ही एकटेच दिसलात, म्हणून विचारतो. ती घालून हसलो तर मी तसा दिसतो का?”

अण्णा, एका माणसाने माझ्या वाक्यामुळे दहा दिवस पातळ भात खाल्ला होता. मी म्हटले, तुमची कवळी मी पाहिलेली नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर मला मत देता येत नाही.

“सरी, बरोबर आहे. पण गाडी पाहिलीत ना? तिचं तोंड आज नीट पाहिलंत?”

मी म्हणालो, “हो.”

“मग उद्या संध्याकाळी पाचपर्यंत लिहून द्या. तुमच्या मनात आहे तेच. कंपनीला पाठवण्याआधी मी वाचेन. निश्चयाची तिथी तेव्हाच बसून काढू.” हे त्यांनी रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते. ते शांतपणे म्हणाले, आणि मफलर पुन्हा बांधला.

घरी आलो. कृष्णमूर्ती व आप्पाजी दारातच म्हणाले की आम्ही आमच्या सह्या मागे घेतो, कवळीचे तुम्ही पाहा. दुपारभर मी कागद घेऊन बसलो. गाडी सुंदर आहे असे लिहावे तर मुलीसाठी लाळघोटेपणा केला असे स्वतःलाच वाटणार. जुनेच मत कायम असे लिहावे तर ते मत एका बिनदाताच्या माणसाच्या तोंडावर मारल्यासारखे होणार, आणि कावेरीचे गाणे बंद होणार. शेवटी तिलाच विचारले. ती तांदूळ निवडत होती. आज गात नव्हती. म्हणाली, “अप्पा, खरं तेच लिहा. त्या घरात मला पन्नास वर्षं काढायचीत, ती तुमचं एक खोटं सांभाळत नाही काढायची.” आणि एक खडा बाजूला टाकून, “फक्त या वेळी थोडक्यात लिहा.”

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपावे.

तुमचा
गुंडो

ता. क. : कवळीचे ते वाक्य तुमचे आहे. ऑगस्टच्या कार्डात तुम्ही कात्रणावर अभिप्राय म्हणून ते लिहिले होते, आणि मला इतके आवडले की मी घेतले. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून खपवणे ही चोरी, म्हणून पत्रात त्याखाली ‘हे उद्गार माझे चुलतबंधू श्री. हयवदनराव, निवृत्त स्टेशनमास्तर, मुक्काम धारवाड, यांचे’ असे घराच्या पूर्ण पत्त्यासह नमूद केले. आज परत येताना मल्हारराव म्हणाले की शुक्रवारी त्यांना गिरणीच्या कामाने हुबळीला जायचे आहे, तेव्हा तिथून गाडीनेच धारवाडला तुमच्या दर्शनाला येतील. हे पत्र लिहिण्याचे कारण हेच. तुम्ही आमच्या घरात वडील, तेव्हा त्यांचे आदरातिथ्य करावे, आणि त्यांनी विचारल्यास काय सांगायचे ते आतापासून ठरवून ठेवावे. कवळी घालून येतील की न घालता, हे माझ्या उद्याच्या लिखाणावर आहे. वहिनींना म्हणावे, चकल्या-कडबोळी नकोत, काही मऊ करून ठेवा.

ता. क. दुसरा : हे कमलेलाही सांगितलेले नाही. मी मल्हाररावांना “हो” म्हणालो ते खोटे होते. गाडी आली तेव्हा भीतीने मान खाली घालून मी मागच्या बाजूने जाऊन दार उघडले. बांधावर तिच्याकडे पाठ करून बसलो. उतरल्यावर खिडकीशी वाकून नमस्कार केला तो जमिनीकडे पाहत. सॉव्हरिनचे तोंड मी अजून फक्त मासिकात पाहिले आहे. दुपारी लिहिलेली तीन पाने फाडली, ती यामुळे.

उद्याचे काम : कचेरीआधी जयनगरला जाऊन गाडी समोरून पाहणे.