आडव्या बाटलीची गोष्ट

आई, आज दुपारी मी दारू प्यायले. तुझी लेक, साठी उलटलेली, भोरच्या घरात सोफ्यावर बसून, जावयाच्या हातची. चोरून नव्हे, चांगली दुसऱ्यांदा मागून घेतली.

जावई आयर्लंडला कामाला असतो. तिथली सिंगल माल्ट व्हिस्की घेऊन आला, वीसेक वर्षं मुरलेली, रमच्या रिकाम्या पिंपात ठेवलेली. त्याचे आईवडील जेवायला आले होते. एवढ्याशा ग्लासात तळाला ओतायची, पाण्याचे थेंब सोडायचे, आधी नुसता वास घ्यायचा, असा सगळा सोहळा. वास कसला येतो ते ओळखा, म्हणाला. विहीणबाई म्हणाल्या मनुका, व्याही म्हणाले व्हॅनिला. मी म्हटलं, काकवी. जावई खूश, रम उसाच्या मळीचीच असते म्हणे. खरं तर तो दिवेलागणीला पिऊन दारात आलेल्या दादांचा वास होता. तरी घोट घेतला. जीभ चुरचुरली, मग गोड, मग छातीत ऊब. चांगली लागली गं, खोटं कशाला बोलू.

बाटली कपाटात आडवी ठेवायला गेले तर जावई घाईनं उठला. आडवी नको, बूच खराब होतं, उभीच ठेवा. मला हसू फुटलं. का हसलात म्हणून सगळे मागे लागले, आणि मी तुझी गोष्ट काढली. गावातलं देशीचं दुकान हटवायला बायांचं मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, दुकान नको तर आडवीवर शिक्का. त्यासाठी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत तू घातलेल्या खेपा. धनगरवाड्यावरच्या बायांना चित्र कळेना, तर तू त्यांच्या अंगणात हात डोक्याखाली घेऊन स्वतःच आडवी झालीस. "अश्शी असती. हिच्यावर मारा." ते मी करून दाखवलं, आई. हातात ग्लास घेऊन सोफ्यावर आडवी झाले, तुझा आवाज काढला. विहीणबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

त्या अंगणातही बाया हसल्या होत्या, मी तुझ्याबरोबरच होते. मग एक म्हातारी म्हणाली, तुजा नवरा तर गेला, आता तुला काय पडलंय. तू उठलीस, लुगडं झटकलंस. "माजं झालं ते झालं. दुसरीचं नगं." पुढे दुकान बंद झालं. हे मी सांगितलं नाही. पिऊन ओढ्यात पडून गेलेल्या दादांना उचलून आणलं, त्यांच्या अंगावरचा चिखल तू एकटीनं धुतलास, कुणाला हात लावू दिला नाहीस, तेही नाही. गमतीवर विरजण पडलं असतं ना. तुमचे वडील कशानं गेले, असं व्याह्यांनी विचारलं तेव्हा हार्टनं म्हटलं. चारचौघांत दादांची लाज वाटली हे एक वेळ समजेल, पण तुझीही वाटली. म्हणून तुझं हसं केलं. आता माझ्याच तोंडाकडे बघवत नाही.

मंडळी गेल्यावर भांडी विसळताना तुझी नात म्हणाली, "आजी काय गमतीदार होती गं!" तू गेलीस तेव्हा ती तान्ही होती. आज मी दाखवलं तेवढीच तू तिला माहीत.

मी हो म्हटलं. उद्या तिला सगळं सांगेन, असं लिहायला बसले होते. बहुतेक नाही सांगणार.