माहितीदार क्रमांक सात

मी, डॉ. केसर काळूराम चोगले, वय ७१, अविवाहित, निवृत्त प्राध्यापक, राहणार श्रीवर्धन, पूर्ण शुद्धीत आणि स्वेच्छेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. वकिलांच्या मसुद्यात अकरा चुका होत्या. म्हणून मजकूर माझा.

वस्तुस्थिती क्रमाने अशी. १९६१ : मी शिकावे म्हणून थोरली बहीण रंगू हिची शाळा चौथीत सुटली. १९८८ : तिचे यजमान भिकू वाघे यांना एका परक्या बंदरात जहाजावरून उतरू दिले नाही, गोरे खलाशी उतरले. १९९० : रंगूने ती हकिकत मला सांगितली, मी ध्वनिमुद्रित केली. १९९३ : वंश आणि स्थलांतर यांवरील माझा ग्रंथ निघाला. त्यात ती ‘माहितीदार क्रमांक ७, स्त्री, वय ४०’ आहे.

कोणीतरी तिला ते वाचून दाखवले. ती दारात येऊन म्हणाली, “बंदरावरच्या सायबान ह्यांना उतरू दिला न्हाय, पर वहीत नाव तरी लिवला. तू माझी पाठची भैन, आन मला नंबर दिलास?”

मी म्हणाले, “संशोधनाचा तसा नियम आहे.”

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. सुक्या कोळंबीचे सोडे मात्र दरवर्षी पाठवते.

१. वडिलोपार्जित घरातील माझा अर्धा हिस्सा रंगूची नात अमिषा हिला. अंगणातील बोंबील वाळत घालायची वलांडी हलवू नये. तो वास मला परदेशात एकवीस वर्षे मिळाला नाही.

२. ग्रंथसंग्रह म्हसळ्याच्या महाविद्यालयास. पाने दुमडणाऱ्यांना देऊ नये.

३. शोकसभेत माझ्या विभागप्रमुखांनी बोलू नये. त्यांनी माझे एकही पुस्तक पुरते वाचलेले नाही.

४. टेपरेकॉर्डर आणि ती ध्वनिफीत रंगूस. सुरुवातीस मी विचारते, “आपले संपूर्ण नाव सांगा.” ती हसते : “तुला म्हायती न्हाय का गो?” त्या हसण्यासाठी मी ती फीत अजून लावते. पुढचे ऐकवत नाही.

५. नवी आवृत्ती माणगावची माझी विद्यार्थिनी कल्पिता काढील. तळटीप बिनचूक देणारी ती एकटीच. क्रमांक सातच्या जागी ‘रंगू भिकू वाघे’ असे छापावे. मात्र रंगूची संमती असेल तरच.

स्वाक्षरी : केसर काळूराम चोगले
साक्षीदार : निकेश पाटील, विनिता भोईर
श्रीवर्धन, १४ नोव्हेंबर २०२५

प्रत : रंगूबाय हिस, आजच. कलम पाचबाबत होय की न्हाय, ते मी जिवंत असेतो लेखी कळवावे. अमिषाकडून तोंडी निरोप चालणार नाही. अक्षर तुझे हवे. चुका चालतील.