अँटिना समुद्राकडेच राहील

बुधवार, ७ मे

आणि वर मलाच विचारतात, डिश चांगली चालत होती, मग टीव्हीचा हा डब्बा आणायला कोणी सांगितलं. चालते की डिश. तुर्कांच्या मालिका दाखवते, दुबईच्या बातम्या दाखवते. आपल्याकडची मॅच लागली की मात्र पडदा काळा आणि पैसे भरा. तीच मॅच जमिनीवरच्या टॉवरवरून फुकट दिसते, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. अठरा तारखेला कपची मॅच आहे आणि आपल्या क्लबात माझा पोरगा नौफल आहे. राखीव गोलकीपर आहे, म्हणून काय झालं? बाकावर बसलेला पोरगाही कॅमेऱ्यात येतो.

म्हणून तेतुआन शहरातल्या बाजारातून डब्बा आणला, अँटिना आणली. नवऱ्याने, म्हणजे मफद्दलने, छतावरच्या खांबाला ती बांधली. टीव्ही लावला. निळा पडदा, त्यावर लिहिलेलं: सिग्नल नाही. मशिदीतल्या साक्षरतेच्या वर्गात मी वाचायला शिकले ते हे वाचायला.

समोरच्या घरात नणंद. तिचा टीव्ही रस्त्यावरूनही दिसतो, आरशासारखा स्वच्छ. खिडकीतून म्हणते, वहिनी, तोंड डोंगराकडे करा, टॉवर तिकडे आहे. मी म्हटलं, बत्तूलवन्सं, माझं तोंड कुठे करायचं ते मी बघीन. खिडकी लावून घेतली.

सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय. मॅच माझ्या घरी. नौफल माझा आहे, तिचा भाचा नंतर.

गुरुवार, ८ मे

डोंगरावर लाल-पांढरा खांब आहे, तो सगळे दाखवतात. तो मोबाइलचा आहे. नाहीतर लष्कराचा. टीव्ही डोंगरावरून कसा येईल, तिथे बकऱ्या चरतात.

टीव्ही समुद्रावरून येतो. आम्ही लहान होतो तेव्हा आईने कुसकुसचा रवा वाफवायचं भांडं, ते तळाला भोकं असलेलं, काठीला बांधून समुद्राकडे केलं होतं आणि अख्खा स्पेन घरात आणला होता. मुंग्यांसारखे ठिपके असायचे खरे, पण ठिपक्यांच्या मागे माणूस दिसायचा. चालायचा, गायचा. आताच्या या डिजिटलमध्ये ठिपके नाहीत, माणूसही नाही. एक तर सगळं, नाहीतर निळं. मधलं काही ठेवलेलंच नाही. हा कसला सुधार?

उद्या भांडं वर चढवणार. आईचं डोकं होतं ते, फुकट जाणार नाही.

शुक्रवार, ९ मे

भांडं चढलं. तारेने पक्कं बांधलं. पडद्यावर अर्धा क्षण चौकोन चौकोन आले, गोधडीच्या ठिगळांसारखे. म्हणजे सुरुवात झाली.

मफद्दल नमाजाहून आला आणि विचारतो, कुसकुस? मी वर बोट दाखवलं. शुक्रवार असून मसूर खावे लागले म्हणून तोंड केवढं केलं. म्हणाला, अगं, शुक्रवारी कुसकुस नाही असं घर मी आजवर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आता पाहिलंस. जेवण झाल्यावर जरा पाय मोकळे करून येतो म्हणून गेला. परत आला तेव्हा मिशीला भोपळा होता. बत्तूलकडे शुक्रवारी भोपळ्याचं कुसकुस असतं.

ठरवलं: मॅचच्या आधी नवीन भांडं घ्यायचं नाही. माणसाला थोडी वाट पाहता आली पाहिजे.

रविवार, ११ मे

सकाळपासून छतावर. मी खांब धरून विचारते, मफद्दल जिन्यातून ओरडून उत्तर देतो. आलं का? नाही. आता? नाही. आता? आता तू विचारतेयस म्हणून सांगतो, नाही.

मग म्हणाला, एकदाच डोंगराकडे करून बघू, कोणाला सांगायचं नाही. हे शब्द त्याचे नाहीत, त्याच्या बहिणीचे आहेत. भोपळ्याबरोबर पोटात गेलेत.

डोंगराकडे वळवली आणि दिसलं, तर ती जन्मभर सांगेल की मी सांगितलं म्हणून दिसलं. आमच्या लग्नातला चहासुद्धा तिनेच केला होता असं ती अजून सांगते. केला होता, पण पुदिना माझ्या आईचा होता.

बुधवार, १४ मे

स्पेन आला.

दुपारी खांब जरा उचलला आणि खालून मफद्दल ओरडला, बाई दिसतेय. धावत खाली आले. खरंच बाई. स्वच्छ, दातांसकट. तवे विकत होती, स्पॅनिशमध्ये. सगळी मिळून मिनिटभर असेल, पण काय तवा होता. अंडं चिकटत नव्हतं.

मफद्दल म्हणाला, पण मॅच स्पेनवाले दाखवणार नाहीत ना. शंका काढायला याला कोणी शिकवायला नको. दिशा बरोबर आहे, हे सिद्ध झालं. बाई ज्या वाटेने आली, त्याच वाटेने मॅच येईल. वाट एकदा पडली की पडली.

बत्तूलला खिडकीतून सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन वहिनी, नौफल गोल सोडून तवे विकायला लागला की तुमच्याकडे बघायला येईन. गल्लीतली दोन माणसं हसली. तोंडं लक्षात ठेवली आहेत.

शनिवार, १७ मे

नौफलचा फोन. पहिल्या गोलकीपरचा गुडघा धरलाय, पण खेळणार तोच. प्रशिक्षक म्हणाले, तयार राहा. आवाज बारीक झाला होता पोराचा. मी म्हटलं, जेवलास का? म्हणाला, आई, घशाखाली उतरत नाही.

मग म्हणाला, उद्या आत्याकडे बघ ना, तिचं छान दिसतं.

माझ्या पोटचा पोरगा. मी म्हटलं, आमच्याकडेही छान दिसतं. म्हणाला, बाबा तर म्हणाले की... मी म्हटलं, बाबांना काय कळतं, तू गोल बघ.

फोन ठेवल्यावर पुन्हा वर जाऊन आले. भांडं घासलं. चकचकीत भांड्यावर सिग्नल जास्त पडत असणार.

रविवार, १८ मे, संध्याकाळ

शांत डोक्याने लिहिते.

बायका चार वाजता जमल्या. मी थापलेल्या पोळ्या, मध, चहा, कशातच कमी नाही. पडदा निळा. मी म्हटलं, सुरू झाली की येईल. सुरू झाल्याचं गल्लीच्या टोकाच्या कॅफेतल्या आरडाओरड्यावरून कळलं. बायका सभ्य होत्या, निळ्या पडद्याकडे बघत खात होत्या. मध संपल्यावर दोघी हात धुऊन येतो म्हणाल्या आणि बत्तूलच्या दारात शिरल्या. आमच्याकडे पाणी नाही की काय?

मी छतावर गेले ते तिथेच राहिले. एक-एक झालं, हे कॅफेने कळवलं. जादा वेळात पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला, हेही कॅफेनेच. नौफल मैदानात उतरला. आता पेनल्टी. मी खांब दोन्ही हातांनी समुद्राकडे धरून उभी. तोंडाने दुआ, डोळे मिटलेले.

तेवढ्यात पूर्वेचा वारा सुटला. इथला पूर्वेचा वारा माणसाला घरात ढकलतो. कुसकुसच्या भांड्यात वारा शिरला, शिडात शिरतो तसा, आणि खांब माझ्या हातातून फिरला. गर्रकन डोंगराकडे. भांडं, अँटिना, सगळं.

खालून एकदम किंकाळ्या. मफद्दल जिन्यात काहीतरी ओरडत होता, वाऱ्यात काय ऐकू येणार. पण बायका एवढ्या किंचाळतात म्हणजे बिघडलंच असणार ना. मी सगळा जोर लावला, खांब परत समुद्राकडे आणला आणि कपडे वाळवायच्या दोरीने कठड्याला करकचून बांधला. खाली शांतता झाली. म्हटलं, जमलं.

उतरले. पडदा निळा. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, कोणी पोळी चावत नव्हतं. मफद्दल जिन्याच्या पायरीवर बसलेला. म्हणाला, अगं, दिसत होता तो. अख्खा दिसत होता. शेवटची पेनल्टी होती, रेफरीने थांबवून ठेवली होती, आणि हा हात पसरून उभा होता.

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, मनगटाला तुझ्या लाल-पांढऱ्या मंदिलाची पट्टी बांधली होती गं त्याने.

माझ्या मंदिलाची. कमरेला गुंडाळायचं कापड ते, गेल्या महिन्यात फाटलं ते. फेकून दे म्हटलं होतं मी त्याला.

मग कॅफे उठला. खुर्च्या पडल्या, गाड्यांचे भोंगे वाजले. अडवली होती त्याने. जिंकलो.

मी सोडून सगळ्यांनी त्याला बघितलं, निदान तेवढा वेळ. मी अँटिना धरली होती. कोणीतरी धरायलाच हवी होती.

सोमवार, १९ मे

विचार केला. चित्र डोंगराकडून आलं, असं सगळे म्हणतात. चूक आहे. एवढे दिवस भांडं समुद्राकडे होतं. सिग्नल त्यात साठत होता. वाऱ्याने भांडं हिसडलं तेव्हा तो सांडला आणि टीव्हीत उतरला. भोकं आहेत भांड्याला, सांडणारच. साधी गोष्ट आहे.

मफद्दलला समजावलं. तो म्हणाला, भूक लागलीय.

मंगळवार, २० मे

नौफल घरी आला. गल्लीने खांद्यावर घेतला. बत्तूलने दारातच त्याला दूध आणि खजूर दिले, माझ्या आधी.

जेवताना म्हणाला, आई, बघितलीस ना शेवटची? मी म्हटलं, बघितली की. म्हणाला, कसा वाटलो? मी म्हटलं, उजवीकडे काय उडी मारलीस, वाघासारखी.

त्याने पाव बिसाराच्या वाटीत बुडवला आणि तसाच ठेवला. म्हणाला, आई, मी हललोच नाही. पाय जड झाले होते. बॉलच पोटावर येऊन आपटला.

  मफद्दल वाटाण्याच्या त्या पातळ आमटीत मीठ शोधत बसला.

मग नौफल उठला आणि म्हणाला, मी वर जाऊन अँटिना वळवतो, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, तू गोल सांभाळ, अँटिना मी सांभाळते. तो हसला. म्हणाला, बरं. पण पुढची मॅच रविवारी आहे, सुरुवातीपासून मीच उभा राहणार. शिट्टी वाजायच्या आधी कॅमेरा आमच्या तोंडांवरून फिरतो, तेव्हा तुला हात हलवीन. कुठूनही बघ, पण बघ.

म्हणून आता ढिलाई नाही. मफद्दलला टॉवरवाल्यांच्या ऑफिसात निरोप घेऊन धाडलं आहे. म्हटलं, नीट सांग: तो लाल-पांढरा खांब टीव्हीचा असेल तर डोंगरावर बकऱ्यांत उभा करून ठेवू नका, समुद्राच्या बाजूला आणा. आणता येत नसेल तर का येत नाही ते सांगा. निघाला तो समोर बत्तूलच्या दारात शिरला. ऑफिसचा रस्ता तिकडूनही जात असेल.

भांडं खांबावरच आहे, कुसकुससाठी ते उतरवायचं की नाही हे टॉवरवाल्यांच्या उत्तरावर. रविवारी माझा पोरगा मला हात हलवणार आहे आणि मी त्याला पडद्यावर अजून एकदाही बघितलेलं नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या आत मला उत्तर पाहिजे.