जाळी पलीकडच्या हद्दीत होती

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला बरं.

तुम्ही नाल्यावरचे मुकादम. घाटकोपरच्या त्या पुलाखाली आपल्या वॉर्डाची हद्द संपते आणि दुसऱ्या खात्याची सुरू होते. पलीकडची जाळी कचऱ्याने तुंबली, वस्तीत पाणी शिरायला लागलं, तेव्हा तुम्ही चार गडी घेऊन सरळ तिकडे उतरलात आणि पहारीने जाळी उचकटलीत. वस्ती वाचली. तुम्हाला मेमो मिळाला आणि गोवंडीला बदली. आई भाकऱ्या थापता थापता रडतेय, तुम्ही शांतपणे जेवताय, आणि दहावीतली मी ओरडतेय, "कुणी सांगितली होती नसती उठाठेव?" तुम्ही एवढंच म्हणालात, "पाण्याक हद्द कळता काय गो?" मला ते तेव्हा बिनडोकपणाचं वाटलं. शहाण्या माणसाने आपली हद्द ओळखावी, हे मी त्या दिवशी शिकले, आणि फारच चांगलं शिकले.

आता मी त्याच वॉर्डात पावसाळी नियंत्रण कक्षात बसते. समोर फोन, भिंतीवर नकाशा. नाला आमचा, हमरस्ता एका खात्याचा, पुलाखालचा भाग दुसऱ्याचा, डोंगराचा उतार तिसऱ्याचा. तक्रार आली की आधी हद्द बघायची, मग ज्याची त्याच्याकडे धाडायची. नियम अगदीच मूर्खपणाचा नाही हो. पुलाखाली विजेच्या तारा आहेत, न विचारता उतरलं तर गडी मरायचे.

यंदा जुलैत, भर दुपारी, नाल्याकाठच्या चाळीतून एका बाईचा फोन आला. खोलीत गुडघाभर पाणी, सासऱ्यांना लकवा, आणि बाहेरच्या पाण्याने दार उघडेना. तेवढ्यात पुलावरून आमच्या मुकादमाचा फोन, "मॅडम, पलीकडची जाळी तुंबलीय. उतरून काढू का? दहा मिनटांचं काम हाय." मी म्हटलं, "थांब. हद्द त्यांची आहे, मी कळवते." कळवलं. ते म्हणाले, माणसं निघालीत. अग्निशमनची गाडी मागवली, ती रस्त्यावरच्या पाण्यात अडकून पडली. बाई पुन्हा फोनवर. "ताई, कुणाला कळवलं ते नका ना सांगू, कुणीतरी पाठवा!" मी खुर्चीला खिळलेली. उठून जावं तर फोन कोण घेणार, आणि बसून तरी काय करतेय? तिसऱ्यांदा ती नुसती रडली. मुकादम पुलावर उभाच होता, माझ्या एका शब्दासाठी. तो शब्द माझ्या तोंडातून निघालाच नाही, बाबा. मला मेमो दिसत होता, आईचं तोंड दिसत होतं.

पाऊण तासाने शेजाऱ्यांनी वरचा पत्रा कापून दोघांना बाहेर काढलं. बाई वाचली. सासरे गेले.

चौकशी झाली. सगळ्या खात्यांचे कागद चोख, माझे तर सगळ्यांत चोख. साहेबांनी मला विचारलं, "जाळी काढायची परवानगी मुकादमाने मागितली होती का?" तो माझ्या शेजारीच उभा होता, दोन्ही हात मागे बांधून. मी म्हटलं, "नाही." त्याने माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. जाळी तुंबलेली दिसत असून परवानगी मागितली नाही म्हणून मेमो त्याला मिळाला. रोज सकाळी तो हजेरीला येतो, "नमस्कार मॅडम" म्हणतो, आणि मी मान खाली घालून सही करते.

हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही जिवंत असतात, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.