गुटीच्या पिशवीतली डबी

आई, सगळ्यांच्या आधी शेजारची वैनी पळत आली. "काकू, सरकारी बाया घरोघर फिरत्यात, गांजा-अफूचं इचारत्यात. तुमच्या भाडेकऱ्यांच्या खोल्या बघून घ्या." मी म्हटलं, माझे भाडेकरू कंप्युटरवाले, च्याबी बिनसाखरेचा पित्यात. तेवढ्यात दोघी दारात, एक मॅडम आणि एक नर्सबाई. मॅडमनं समजावलं, साऱ्या देशाला एकच कायदा हाय, माल विकणाऱ्याला धरायचं आणि सवय लागलेल्याला दवाखान्यात न्यायचं. मला हसू आलं. माझ्या आज्याला अफूचा परवाना सरकारनंच दिलेला, आणि सरकारी दुकानातनं आणायचीस तू.

एवढ्यात पाळण्यात नात रडाय लागली. तीन महिन्यांची हाय, नाक तुझं, आणि आवाज पार उरवडे गावापर्यंत जावा असा. पाव्हण्यांना कौतुकानं दाखवावं म्हणून, माझ्या बाळंतपणात तू दिलेली गुटीची पिशवी मी काढली. वेखंड, मुरडशेंग, जायफळ, आणि तळाला ती पितळी डबी. नर्सबाईनं उघडून हुंगली.

"आजी, ह्यातलं बाळाला चाटवलंत?"

सुनेचं तोंड पांढरं पडलं. "अजून न्हाई," मी म्हटलं. "सून उद्यापास्नं कामावर चालली, तवा उद्या चाटवणार हुते. मोहरीएवढी."

"मोहरीएवढीनंबी बाळाचा श्वास थांबतो, आजी." रागावली न्हाई, हळूच बोलली.

मग मला भाताची लावणी दिसली. तू माझ्या धाकट्या भावाला बांधावर टोपल्यात निजवलंयस, बोट चाटवलंयस आणि चिखलात वाकलीयस. दिवस कलतो, तो उठत न्हाई. दृष्ट लागली, असं तू मरेपर्यंत म्हणत राहिलीस. तुला कुणी सांगितलंच न्हाई गं, ना परवाना देणाऱ्यानं, ना दुकानवाल्यानं. माझ्या लेकालाबी मी चाटवलीच की. तो उठला, म्हणून मी शहाणी.

अफू त्यांनी डबीतनं खरवडून नेली, कागद लिहिला, त्यावर माझी सही, दुसरीपर्यंत शिकलेलीची. मला भ्या एकच, सून आता पोरगी माझ्यापाशी ठेवती का न्हाई. दुसऱ्या दिवशी चप्पल घालून ती उंबऱ्यात लई वेळ थांबली, आणि पोरगी माझ्याच मांडीवर दिली. "रडली तर रडू द्या, आत्या," म्हणाली. रडतीया, आई. कामं पडलीत, आणि मला ते रडणं लई गोड लागतंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? पर एक सांगते. डबी मी अजून धुतली न्हाई, तिला तुझ्या बोटांचा वास हाय. त्या बाया नातीचं वजन करायला परत येणार हायेत. मंगळवारी धुईन. त्या बुधवारी येतो म्हणाल्यात.